पँटीचं माप

३ जानेवारी

डॉक्टर बोलला, रोज काय खाता ते लिहून ठेवा, पुढच्या वेळी दाखवा. म्हणून ही डायरी. आमच्या गोदामातल्या ट्रान्सपोर्टवाल्याने नव्या वर्षाची भेट दिली होती, जाड पुठ्ठ्याची, नाहीतर कपाटातच पडली असती. आज खाल्लं: तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, दुपारी भात. भात बंद करा बोलला होता. बापजाद्यांनी जन्मभर भात लावला, आणि मी आता काय घोड्याचे चणे खाऊ? साखर वाढायची तेवढी वाढू दे.

आणखी एक शहाणपण शिकवलं त्याने. गुडघे धरलेत तर सायकल चालवा, बोलला. माझा मुलगा प्रितेश बाजूलाच उभा होता. मी बोललो, "डॉक्टर, दारात दोन मोटारी हायेत. सायकल चालवायला मी काय पाववाला हाय?" डॉक्टर हसला. प्रितेश हसला नाही, माझ्याकडे बघत राहिला. बापाकडे असं टकामका बघायची सवय त्याला आईकडून लागलीय.

९ जानेवारी

प्रितेशबद्दल लिहायलाच हवं, कारण माझी साखर भाताने नाही, त्याच्यामुळे वाढते. एकुलता एक. इंजिनीअरिंगचा डिप्लोमा केला, तोही माझ्याच जिवावर. कामतघरला आमचा कापड विणायच्या लूमचा जुना गाळा आहे. लूम भंगारात गेल्यापासून बंद होता. गोदामवाल्यांना दिला असता तर आज आम्हाला हार घालून गेले असते. पण याने हट्ट धरला (मला घरीदारी सगळे भाऊच बोलतात), भाऊ, गाळा मला द्या, मी सायकली बनवणार. कमळेने म्हणजे आमच्या मंडळींनी लगेच त्याची बाजू घेतली. सून रुचिका तर नोकरी सोडून त्याच्या गाळ्यात जाऊन बसली. घरात मी एकटा पडलो.

काय बनवतो? पोलादी नळ्या कापतो. अंबाडीकडचा रघू म्हणून एक वेल्डर ठेवलाय, तो त्या जोडतो. जाड टायर लावतात. ही सायकल म्हणे डांबरावर चालेल, खडीवर चालेल, वज्रेश्वरीच्या डोंगरातल्या पायवाटेवरही चालेल. आणि लूमच्या कामगाराला परवडेल. मी विचारलं, "बड्या लोकांच्या सायकली ॲल्युमिनियमच्या असतात ना? मग तू लोखंड का धरलंस?"

तो बोलला, "भाऊ, पोलाद दगा देत नाही. वाकतं, पण तुटायच्या आधी चीर दाखवतं. आणि कुठल्याही नाक्यावरचा वेल्डर जोडून देतो."

मी बोललो, "वाकायचं कौतुक मला सांगू नको. वाकणाऱ्याच्या पाठीवर लोक पाय देऊन जातात."

चांगलं बोललो.  खाल्लं: बोंबील, भाकरी. भात थोडाच.

१७ जानेवारी

आज प्रितेश टेप घेऊन आला. "भाऊ, उभे राहा. पँटीचं माप घ्यायचंय. वाढदिवसाला शिवून घेतो."

माझा वाढदिवस एक जूनला. खरी तारीख आईला ठाऊक नव्हती, शाळेत घालताना मास्तरांनी एक जून टाकली. आमच्या वयाचं अर्धं गाव एक जूनलाच जन्मलंय.

मांडीच्या आतून टाचेपर्यंत माप घेतलं, तेही चपला घालायला लावून. मग खांद्यापासून मुठीपर्यंत. मी बोललो, "अरे, पँटीला हात कशाला?" बोलला, "शर्टही शिवू." मग बोलला, "जरा पुढे वाका, बैलांच्या छकड्यावर बसल्यावर वाकता तसे." आणि पाठीचं माप घेतलं. कुठला शिंपी गाठलाय कोण जाणे. कमळा दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती. तिला मांजर शिंकलं तरी हसू येतं.

२ फेब्रुवारी

न सांगता गाळ्यावर गेलो. बघावं म्हटलं, पोरगा दिवे काय लावतोय.

गल्लीत दिवे लागलेच होते. शेजारच्या लूमवर झाडू मारणारी ठकुबाई, माझ्याहून दोनचार वर्षांनी लहान असेल, सायकलवर बसलेली. आणि माझा मुलगा, गाळ्याच्या मालकाचा मुलगा, मागून सीट धरून तिच्या मागे धावतोय! "पुढे बघ मावशी, खाली नको बघू, मी धरलंय, मी हाय मागं!" घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. शिफ्ट सुटलेले कामगार टाळ्या वाजवत होते. एक जण बोलला, "सेठ, आपका लडका तो बुड्ढों को भी सिखा देता है." मी बोललो, "तेरा काम कर."

रुचिकाने चहा आणला. बोलली, इथले लोक रात्रपाळी सुटली की चालत जातात, रिक्षा परवडत नाही, त्यातल्या पुष्कळांना सायकल येतच नाही. म्हणून हे आधी शिकवतात, मग विकतात. मी बोललो, "शिकवणीचे वर्ग काढा. गाळा कशाला अडवलाय?" चहा तसाच ठेवून आलो.

आता या डायरीत कोण बघतंय, म्हणून लिहितो. मलाही सायकल येत नाही. लहानपणी बापाजवळ सायकलचा हट्ट धरला होता. बा बोलला, "दावणीला बैल असताना लोखंडावर बसतोस? बायलट!" आणि सगळ्या अंगणासमोर हसला. पुन्हा विषय काढला नाही. लोकांना वाटतं मला येते. कोणी विचारलं तर सांगतो, गुडघ्यामुळे सोडली. एकदाच, मागच्या गटारीला, दोन पेग जास्त झाले तेव्हा प्रितेशला बोलून गेलो होतो. नंतर त्याचा हात धरून बजावलं, हे कोणाला कळलं तर तुझं तोंड बघणार नाही. तो विसरलाही असेल.

२१ फेब्रुवारी

बैलांना काढून अंबाडीच्या शेतावर नेलं. तिथली भाताची जमीन अजून आपल्याकडे आहे, गोदामवाले तिथवर पोचले नाहीत. पाखऱ्या आणि तुफान. माझी जोडी. पाखऱ्यासारखा बैल पंचक्रोशीत नाही. रोज अंडी, दूध, बदाम. कमळा बोलते, मुलाला कधी एवढ्या मायेने वाढलं नाहीत. मुलगा शर्यत जिंकून दाखवू दे, त्यालाही बदाम देतो.

छकडा माझा पुतण्या भाविक हाकतो. त्याला आज शिकवलं की खरा बैल नेहमी झाकून ठेवायचा. अंगावर चादर, गोठ्याच्या मागच्या कोपऱ्यात. लोकांना पुढचे दाखवायचे. आणि दुसऱ्याच्या गोठ्यात गेलास तर पुढचे बघूच नको, कोपऱ्यात झाकलेला कोण आहे ते बघ. मालक ज्याच्याकडे बघायचं टाळतो, तोच त्याचा हुकमी बैल. माझ्या बाने मला एवढी एकच विद्या दिली, पण ती कधी फुकट गेली नाही.

१२ मार्च

पँट अजून नाही. विचारलं, तर प्रितेश बोलला, "कापड आलंय भाऊ, कटिंग चाललंय." रघू वेल्डर बाजूला उभा होता, तो फिस्सकन हसला. नोकराला एवढी हसायची सवय लावून ठेवलीय.

सायकली खपायला लागल्यात म्हणे. पुलाखालून दोघे माझ्या मोटारीला ओव्हरटेक करून गेले, दोन्ही सायकली आमच्याच गाळ्यातल्या. ड्रायव्हर बोलला, भाऊ, आपली सायकल! मी बोललो, पुढे बघून चालव.

खरं सांगायचं तर छातीत काहीतरी झालं. बरं झालं की वाईट, ते सांगता येत नाही.

२९ मार्च

मोरूशेठच्या मुलीची हळद. मांडवात अख्खा गाव. मोरूशेठ माझ्या बरोबरीचा, शर्यतीत माझ्या बैलांकडून कायम हरलेला. हातात ग्लास घेऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "भाऊ, ऐकलं तुझा पोरगा पंक्चर काढतो. मलाही सायकलची हवा भरायचीय, पाठव त्याला."

मांडव हसला. बाच्या अंगणात हसले होते तसेच.

प्रितेश जेवणाच्या रांगेत उभा होता. मी त्याला पुढे बोलावलं आणि सगळ्यांसमोर बोललो, "तुझी सायकल शेतात, खडीत, कुठंपन चालते ना? मग लाव माझ्या पाखऱ्यासमोर. हरलास तर गाळा बंद. दुसऱ्या दिवशी."

मला वाटलं पाय धरेल. तो बोलला, "भाऊ, घरी बोलू." मी बोललो, "घरी बायका बोलतात." तेव्हा त्याचे कान लाल झाले. बोलला, "ठीक हाय. पन मी जिंकलो तर तुमच्याकडं एक गोष्ट मागीन. लोकांसमोर न्हाय. आपल्या दोघांतच."

गाळा नावावर करून मागणार, दुसरं काय? मी बोललो, माग. ढोलवाल्यांनी ढोल वाजवला.

रात्री कमळा बोलली, "तुम्हाला हसले त्याचा सूड पोरावर का?" मी कूस बदलली.

५ एप्रिल

उद्या शर्यत. ठरलंय असं: आमच्या शेतातून सरळ, कापलेल्या भाताच्या खुंटांवरून गावदेवीच्या देवळापर्यंत, देवळाला वळसा, आणि खडीच्या रस्त्याने परत. वळसा प्रितेशने मागून घेतला. सरळ पळण्यात बैल पुढे जाणार, वळणावर सायकल त्यांना गाठेल असा त्याचा हिशेब. गणित चांगलं शिकलाय.

शर्यतीच्या आदल्या दिवशी समोरच्याची जोडी बघायचा मान असतो. मी मोरूशेठ, भाविक आणि आणखी चारपाच जणांना घेऊन गाळ्यावर गेलो. पुढे चार सायकली ओळीत. प्रितेश बोलला, "ही काळी घेऊन येईन. हिच्यावर मी अकलोलीपर्यंत जाऊन आलोय."

मी काळीकडे बघितलंही नाही. कोपऱ्यात जुन्या चादरीखाली एक उभी होती. प्रितेश बोलत होता आणि एकदाही त्या कोपऱ्याकडे बघत नव्हता. रुचिका तर तिच्यासमोर जाऊन उभीच राहिली. बा, तुझी विद्या! मी सुनेला बाजूला व्हायला सांगून चादर ओढली. मातकट लाल रंगाची सायकल, पाखऱ्याच्या रंगाची हुबेहूब. सगळं नवं कोरं.

"उद्या ही."

त्याचा चेहरा पांढरा पडला. "भाऊ, ही नको. ही माझ्या मापाची न्हाय."

"मग कोणाच्या मापाची?"

त्याने चादर परत वर ओढायला घेतली. मोरूशेठ गालात हसत होता. रुचिका बोलली, "भाऊ, अहो, ती तुम..." प्रितेशने तिचा दंड धरला. "रुचिका. नको. लोक हायेत."

सापडला चोर! माणसाकडे उत्तर असेल तर तो देतो. मी बोललो, "झाकलेली आनलीस तर शर्यत, न्हायतर आत्ताच हरलास." तो बराच वेळ सायकलवर हात ठेवून उभा राहिला. मग बोलला, "आनतो."

घरी येताना भाविकला गोठ्यात घेतलं. सांगितलं, वळणावर आतली बाजू तू धर, त्याला बांधाकडे दाब. पोरगा घाबरला की आपोआप मागे राहील. इजा कर असं बोललो नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो. फक्त दाब बोललो.

खाल्लं: मटण. दोनदा.

७ एप्रिल

काल लिहिलं नाही.

पाखऱ्याच्या खुराला खरचटलंय, हळद भरली. तुफानला काही नाही. छकड्याचं एक चाक निखळलं.

सुरुवातीला सगळे हसत होते. सायकलवर बसला की प्रितेशचे गुडघे वर यायचे, टोळासारखे. मोरूशेठ बोलला, स्वतःच्या मापाची सायकलही बनवता येत नाही याला. मीही हसलो. तरी काय चालवली! खुंटांवरून उडत होती, पोरगा पायडलांवर उभा राहून हाणत होता. देवळापर्यंत बैल पुढे होते, पण फार नाही. मला वाटलं, आयला, हा येतो की काय. आणि खोटं का बोलू, एक क्षण वाटलं की यावा.

वळणावर तो बाहेरून आला. भाविकने दाबलं. प्रितेशने हँडल वळवलं आणि गुडघा हँडलला अडकला. सगळ्यांनी बघितलं. सायकल पुरती वळलीच नाही. तो बांधाला घासून आत पडला, छकड्याच्या समोर. भाविकने कासरे ओढले, पण पाखऱ्या थांबणारा बैल नाही. मीच त्याला तसा घडवलाय.

डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. डॉक्टरने सकाळी सही मागितली. मी केली.

हॉस्पिटलच्या बाहेर भाविक माझ्या पायावर पडून रडला, "काका, तुम्हीच सांगितलंत ना दाब म्हणून!" रुचिका तिथंच उभी होती. मी त्याच्या थोबाडीत दिली. कागदावर अपघात लिहिलाय आणि अपघातच आहे.

आज काही खाल्लं नाही.

८ एप्रिल

सायकल शेतात पडली होती, ती टेम्पोत घालून घरी आणली, गोठ्यात लावली. छकडा वरून गेला, बैल वरून गेले. रंग उडालाय आणि पुढच्या चाकाला जरा बाक आलाय. फ्रेम सरळ. डोळा लावून बघितली, केसाचाही फरक नाही. एवढं मजबूत लोखंड आणि त्यावर एवढं मऊ माणूस! सायकलीचा राग आला. लाथ मारली, अंगठा सुजला.

१६ एप्रिल

प्रितेश आता बोलतो. आईशी बोलतो, बायकोशी बोलतो. मी आत गेलो की डोळे मिटतो.

आज मी खुर्ची ओढून बसलो आणि समजावलं. जे झालं ते देवीच्या मनात होतं. त्यातूनही चांगलं निघेल. आता तरी धावपळीचं काम तुला जमायचं नाही, तर गाळा गोदामाला देऊ, तू ऑफिसात खुर्चीवर बस. तसंही शब्द झालाय, सगळ्या मांडवासमोर. हरलास तर गाळा बंद. माझ्या शब्दाला इथे किंमत आहे, तो मुलासाठी मोडला तर उद्या मला कोण दारात उभं करेल?

रुचिकाने हातातला पेला खाली ठेवला. बोलली, "भाऊ, त्यांचा पाय गेलाय आणि तुम्ही पैज वसूल करताय?"

मी बोललो, "पैज न्हाय, शब्द."

प्रितेशने डोळे उघडले. कितीतरी दिवसांनी माझ्याकडे बघितलं. बोलला, "घ्या. चावी रघूकडं हाय." आणि परत मिटले.

ऐकला तर. वाटलं होतं त्याहून लवकर ऐकला. मग घरी येताना मोटारीत मला रडू का आलं, ते कळलं नाही. ड्रायव्हरने आरसा वळवून घेतला.

३ मे

गाळा दिला. कपड्यांचं गोदाम. नळ्या, अर्ध्या फ्रेमा, टायर, सगळं भंगारवाल्याने उचललं. रघू दोन फ्रेमा मागत होता, बोलला, पुरी करून गिऱ्हाइकांना देतो, लोक वाट बघतायत. मी नाही दिल्या. अर्धवट काम माझ्या नावाने बाजारात नको. ठकुबाई गल्लीच्या तोंडाशी तिची सायकल धरून उभी होती.  मी बोललो, "काय बघतेस? तुझी मिळाली ना तुला?" ती सायकलवर बसली आणि गेली. सरळ गेली, एकदाही न डगमगता.

रघूला शिंप्याचं विचारलं. म्हटलं, गडबडीत माझी पँट कुठे राहिली असेल तर घेऊन ये, माप प्रितेशने दिलं होतं. रघू माझ्याकडे बघतच राहिला. मग बोलला, "भाऊ, तुम्हाला अजून न्हाय कळलं?" मी बोललो, नीट बोल. तो हात जोडून निघून गेला. ही माणसं कामावरून काढली की लगेच उद्धट होतात.

२२ मे

प्रितेश घरी आला. कुबड्यांवर. पायऱ्यांवर मी हात पुढे केला, त्याने कमळेचा धरला.

ऑफिसची खुर्ची नवी आणून ठेवलीय, गोल फिरणारी. तो त्या खोलीत गेला नाही. व्हरांड्यात बसून गल्लीकडे बघत असतो. कोणी सायकलवाला गेला की आवाजावरून ओळखतो, आपली आहे की नाही. रुचिका माहेरून फोन आला की आत जाऊन हळू बोलते. दोघे तिकडे जायचं ठरवतायत असं कमळा बोलली. जाऊ देत नाही. एकुलता एक आहे.

साखर बघितली, फार वाढलीय. भात तर बंदच आहे, घशाखाली उतरत नाही.

१ जून

सकाळी नाक्यावर बॅनर लागला. माझा फोटो, बाजूला पाखऱ्या, खाली भाविक आणि पोरं, 'भाऊंना कोटी कोटी शुभेच्छा'. दरवर्षी प्रितेशचा फोटो सगळ्यात मोठा असतो. या वर्षी नव्हता.

पाखऱ्याला ओवाळायला गोठ्यात गेलो. सायकल तिथेच होती, भिंतीला. काय वाटलं कोण जाणे, म्हटलं बघू तरी, एवढी काय हुकमी होती ती. कोणी नव्हतं आसपास. दावणीच्या खांबाला धरून बसलो.

दांडा एवढा खाली की पाय टाकायला गुडघा दुखला नाही. बसलो तर दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या, चपलांसकट, ना कमी ना जास्त. हात पुढे केले तर हँडल तिथेच. पाठ जरा वाकली, छकड्यावर वाकते तशी.

मी तसाच बसून राहिलो.

मग ओरडलो, "कमळे!" ती पळत आली, वाटलं पडलो. मला सायकलवर बघून दारातच थांबली. मी विचारलं, "माझी पँट कुठं हाय?"

ती बोलली, "कसली पँट हो? पँटीसाठी कोन हाताचं माप घेतो?"

"तुला ठाऊक होतं?"

"सगळ्यांना ठाऊक होतं. आज द्यायची होती तुम्हाला. रंगसुद्धा तुमच्या लाडक्या बैलाचा काढलान." 

"मग त्या दिवशी गाळ्यात सांगितलं का नाय त्याने? तोंडाला कुलूप होतं?"

मागे रुचिका येऊन उभी राहिली होती. ती बोलली, "काय सांगणार होते, भाऊ? मोरूशेठसमोर सांगायचं, की माझ्या बापाला सायकल येत नाही, त्याला शिकवायला बनवलीय म्हणून? तुम्ही बजावलं होतं ना कोणाला सांगायचं नाही. नाही सांगितलं त्यांनी. जिंकल्यावर तेच मागणार होते तुमच्याकडे. एकदा बसा बोलणार होते."

  बाने शिकवलेलं एवढं एकच खरं ठरलं, की झाकलेला तोच हुकमी. कोणासाठी झाकलाय ते विचारायला बाने शिकवलं नव्हतं, आणि मी विचारलं तेव्हा मला उत्तर नको होतं, हसायला हवं होतं.

सायकल हाताने ढकलत व्हरांड्यापर्यंत नेली. पुढचं चाक डगमगत होतं. प्रितेश खुर्चीत बसला होता, कुबड्या भिंतीला. त्याने आधी सायकलकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे, मग सीटकडे. सवयीने माप बघितलं त्याने. अंगठ्याने खूण केली, नवशिक्याला सीट आणखी जरा खाली हवी.

माफी मला येत नाही. कधी मागितली नाही, कशी मागतात ठाऊक नाही. जे तोंडात आलं ते बोललो. "प्रितेश, शिकव मला."

त्याने पुढे वाकून सीटवरची धूळ तळव्याने पुसली. रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. ठकुबाईशी बोलायचा तसा, समजावून सांगितल्यासारखा बोलला,

"शिकवलं असतं, भाऊ. पन मागून सीट धरून धावावं लागतं."